कोड म्हणजे निदान नव्हे

डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला की हल्ली गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधी स्कॅनर जोडतात. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे सॉकेट असते, त्यात तो खोचला की पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटतात. आणि मंडळी, पुष्कळ ठिकाणी तपासणी तिथेच संपते! 'कोड आलाय, गिअरबॉक्स गेला,' असे म्हणून खर्चाचा कागद हातात ठेवला जातो. मला हे मान्य नाही. कोड ही गाडीने नोंदवलेली तक्रार आहे. तक्रार वाचून चौकशीला लागायचे असते, निकाल द्यायचा नसतो.

पी ०७०० हाच कोड घ्या. ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाला सर्वांत जास्त घाबरवणारा, आणि सर्वांत कमी बोलणारा. पुष्कळ गाड्यांत इंजिनाचा संगणक वेगळा आणि गिअरबॉक्सचा वेगळा. गिअरबॉक्सच्या संगणकाला काही खटकले की तो इंजिनाच्या संगणकाला दिवा लावायला सांगतो. पी ०७०० म्हणजे एवढाच निरोप! खरी हकीकत दुसऱ्या संगणकात असते, आणि मोबाइलला जोडायच्या स्वस्त डब्या बहुतेक वेळा पहिल्यालाच विचारून परत येतात.

फोंड्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांना याच निरोपावर लाखाच्या वरचा अंदाज मिळाला होता. बोरीच्या चढणीला गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रडायची. दुसऱ्या एका मिस्त्रीने गिअरबॉक्सच्या संगणकाला विचारले, तेव्हा पी ०७१५ निघाला, म्हणजे आत येणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या वाटेत काहीतरी बिघाड. त्याने सेन्सरसुद्धा बदलला नाही. आधी कनेक्टर उघडून पाहिला, तर पिनांवर हिरवा थर! आमचा पाऊस आणि खारी हवा, दुसरे काय? वेग कळेनासा झाला की संगणक सावधगिरी म्हणून गाडी एका गिअरमध्ये धरून ठेवतो. क्लच प्लेटा शाबूत होत्या.

अर्थात, प्रत्येक वेळी इतके स्वस्तात सुटत नाही. पी ०७४१ बघा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलात समोरासमोर फिरणारे दोन पंखे असतात. एकाने ढकललेल्या तेलावर दुसरा फिरतो, त्यात थोडी शक्ती वाया जाते. म्हणून गाडी एका वेगात धावू लागली की आतला क्लच दोघांना जखडतो. संगणक जखडण्याचा हुकूम देतो, आणि इंजिनाचे फेरे व गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे जुळतात का ते पाहतो. जुळले नाहीत की हा कोड. पण का जुळले नाहीत? सोलेनॉइड अडकला असेल, वायर तुटली असेल, तेल खराब असेल, व्हॉल्व्ह बॉडीतले भोक झिजून दाब गळत असेल, किंवा खरोखरच कन्व्हर्टरच्या क्लचचे अस्तर संपले असेल. वायरीचा खर्च आणि कन्व्हर्टरचा खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि कोड मात्र एकच.

इथे एक साधी परीक्षा आहे. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात गाडी चालवावी, आणि ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला नुसता स्पर्श करावा. जखडलेला कन्व्हर्टर तेवढ्याने सुटतो आणि इंजिनाचे फेरे किंचित वाढतात. काटा हललाच नाही, तर तो जखडलाच नव्हता असे समजावे. (काटा शेजारी बसलेल्याने बघावा, चालवणाऱ्याने नव्हे!) मग तेल पाहावे. तांबडे आणि पारदर्शक असेल तर धीर धरावा, काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल तर प्लेटा जळताहेत.

जुन्या मिस्त्रींचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. कानाने सोलेनॉइड ओळखता येत नाही, तिथे स्कॅनरच हवा. आमच्या देवळांत पाकळ्यांचा कौल लावतात. पाकळी उजवी पडली की डावी, एवढेच देव सांगतो, आणि प्रश्न नीट विचारण्याची जबाबदारी माणसावर राहते. स्कॅनरचेही तसेच. पहिला प्रश्न गाडीचा प्रकार कोणता हा. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली आणि छोट्या गाड्यासुद्धा 'ऑटोमॅटिक' झाल्या. पण एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लच साधेच असतात, ते फक्त यंत्र चालवते. तिथे टॉर्क कन्व्हर्टर नाहीच, मग त्याचे तेल आणि अस्तर कुठले? तरी दोन्ही गाड्यांना एकच औषध सांगणारे भेटतात. असो.

मला सर्वांत जास्त राग येतो तो 'कोड पुसून बघू' या सवयीचा. कोड पडला त्या क्षणी वेग किती, फेरे किती, इंजिन किती तापले होते, याची नोंद संगणक ठेवतो. बिघाड गाडी थंड असताना होतो की घाट चढताना, हे त्यातूनच कळते. पुसले की तीही गेली. दिवा विझतो, मालक खूश होऊन घरी जातो, आणि आठवड्याने परत येतो तेव्हा मिस्त्रीच्या हाती काहीच नसते. म्हणून गाडी गॅरेजमध्ये लावताना आधी सांगा, 'सगळ्या संगणकांतले कोड आणि ती नोंद कागदावर उतरवून द्या, मग पुसा.' आणि खर्चाच्या कागदावर 'गिअरबॉक्स' एवढाच शब्द असेल, तर कोणता भाग, तो कोणत्या तपासणीत नापास झाला, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत किल्ली देऊ नका.