संध्याकाळची वीज : राखीव साठ्याचं भाडं कोण भरणार?

बेळगाव : कर्नाटकात दुपारच्या विजेची आता फारशी चिंता नसते. पावगडचा सोलर पार्क एकटाच २,०५० मेगावॅटचा आहे, गदग-सौंदत्तीच्या माळावरच्या पवनचक्क्या वेगळ्याच. खरा प्रश्न ऊन कललं की सुरू होतो. सोलर शून्यावर येतो आणि त्याच वेळी घराघरांतली मागणी वाढते.

रोज संध्याकाळ होणार हे माहीत असतं, तिची सोय आधी करता येते. पण अचानक ढग आले, वारा पडला किंवा एखाद्या औष्णिक केंद्राचा संच बंद पडला तर? ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहावी लागते. त्यासाठी जी वीज हाताशी तयार ठेवतात, ती राखीव वीज. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका प्रकारच्या राखीव विजेने ३० सेकंदांत प्रतिसाद द्यायचा असतो, तर दुसऱ्या प्रकारच्या विजेने १५ मिनिटांत हजर होऊन तासभर टिकायचं असतं. ही दुसरी वीज बाजारातून विकत घेतली जाते.

आतापर्यंत या कामाला जलविद्युत सगळ्यात सोयीची ठरली. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ मिनिटं देशभर दिवे बंद झाले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. तो धक्का मुख्यतः जलविद्युत केंद्रांनीच झेलला. आपल्याकडे शरावतीचं १,०३५ मेगावॅटचं केंद्र आहे. पण २०२३ ला पावसाने दगा दिला. धरणात पाणी कमी आणि शेतीपंपांची मागणी जास्त, असं एकदमच झालं. त्या ऑक्टोबरात सरकारला उत्तर प्रदेश आणि पंजाबकडून उधारीवर वीज घ्यायची वेळ आली. म्हणजे सगळी भिस्त पावसावर ठेवून चालणार नाही.

त्यावर उपाय म्हणून पंप स्टोरेज पुढे आलं. आपल्या जिल्ह्यात सौंदत्तीजवळ, मलप्रभेच्या रेणुकासागरच्या पाण्यावर असा प्रकल्प आखलाय. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. मात्र अशा प्रकल्पात १०० युनिट घातले की साधारण ७५ ते ८० युनिटच परत मिळतात. शिवाय साठवण क्षमता करारावर घेतली की वापर होवो न होवो, ठरलेलं वार्षिक भाडं द्यावंच लागतं.

हे भाडं शेवटी हेस्कॉमच्या दरातच येणार. गृहज्योतीमुळे २०० युनिटच्या आतल्या अनेक घरांना ते जाणवणार नाही, ते सरकारी तिजोरीतून जाईल. उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांना मात्र थेट बिलात दिसेल. तरीही राखीव वीज नकोच, असं त्यांनाही म्हणता येणार नाही. भट्टीत धातू वितळत असताना लाईट गेली तर होणारं नुकसान कितीतरी मोठं असतं.

त्यामुळे खर्च करायचा की नाही हा वादच नाही. तो उघड हवा, एवढंच. किती मेगावॅट राखीव घेतली, वर्षात किती तास वापरली, भाडं किती दिलं आणि दुष्काळात मलप्रभेच्या पाण्यावर आधी हक्क पिण्याचा की वीजनिर्मितीचा? केईआरसीच्या दरवाढ सुनावणीत ग्राहकांना हरकती मांडता येतात. आपल्या व्यापारी आणि शेतकरी संघटनांनी पुढच्या सुनावणीत हे प्रश्न लेखी द्यायला हवेत. करार चाळीस वर्षांसाठी झाल्यावर विचारून काय उपयोग?