प्रार्थनेची एकच चाल हवी का?

सासू-सुनेची पत्रे आम्हाला नवी नाहीत. आमटीतले मीठ, मुलांची शाळा, माहेरचा मुक्काम, कारणे ठरलेली. या खेपेचे पत्र मात्र वेगळे आहे. ते इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरहून आले आहे, आणि तंटा आहे तो बाळाच्या बाप्तिस्म्याचा.

लिहिणाऱ्या ताई ख्रिस्ती. यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. चर्च लांब पडते, म्हणून दर रविवारी संध्याकाळी पाच-सहा कुटुंबे यांच्याच घरी प्रार्थनेला जमतात. सासूबाई अहमदनगरकडच्या (आताचे अहिल्यानगर), चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या जुन्या घराण्यातल्या. बाळ सहा महिन्यांचे झाले, आता पाळकसाहेबांना बोलवा, असा त्यांचा धोशा. ताईंच्या माहेरी मूल मोठे होऊन स्वतः विश्वास कबूल करील तेव्हाच बाप्तिस्मा. शिवाय जमणाऱ्यांपैकी काहीजण टाळ्या वाजवून मोठमोठ्याने प्रार्थना करतात, तेही सासूबाईंना खपत नाही. गेले तीन रविवार त्या आतल्या खोलीत दार लावून बसतात. "माझ्याच घरची प्रार्थना आणि माझीच सासू नाही, लोकांना काय सांगू?" असे ताई विचारतात.

ताई, लोकांना काही सांगू नका. आधी सासूबाई काय म्हणताहेत ते ऐका. ज्या पिढीने पाळण्यातली पोरे तापाने हातची जाताना पाहिली, तिला बाप्तिस्मा पुढे ढकलणे म्हणजे बाळाला उंबऱ्याबाहेर ठेवल्यासारखे वाटते. बाळ देवाच्या घरातलेच आहे, ते सर्वांदेखत म्हणून टाकावे, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि तुमचे म्हणणे, कबुली ज्याची त्याने द्यावी, ती आईबापांनी देऊन चालत नाही. दोन्हीत खोटे काय आहे?

गंमत अशी, की हाच वाद सासूबाईंच्या चर्चनेही घातला आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या मंडळ्या एक करायच्या, ही बोलणी 1929 साली सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. म्हणजे चाळीस वर्षे! सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन होते, ते तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे, आणि बॅप्टिस्टही होते, ते मुळीच न देणारे. एकाने दुसऱ्याला गिळायचे, तर एकी कसली? शेवटी दोन्ही रीती ग्राह्य ठरल्या. ज्या आईबापांना थांबायचे असेल त्यांनी बाळाला उपासनेत आणावे, उपकारस्तुती करून देवाला अर्पण करावे. बाप्तिस्मा मूल जाणते झाल्यावर. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले, ते आजही वेगळेच आहेत. सगळ्यांचे जमतेच असे नाही, हेही त्यातून दिसते.

तेव्हा मार्ग सासूबाईंच्या घरातच आहे. पण ताई, "बघा, तुमचेच चर्च काय म्हणते" असे त्यांच्या तोंडावर फेकू नका बरं का. जिंकलेल्या सुनेशी कुठली सासू मनापासून बोलते?

आता टाळ्यांचे. लोणी देवकरहून पुण्याच्या रस्त्याने भिगवण, कुरकुंभ, पाटस मागे टाकून चौफुल्याला वळले की केडगाव. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथले. 1905 साली तिथल्या मुली एकदम सगळ्याजणी मोठ्याने, रडत-ओरडत प्रार्थना करू लागल्या. शांत, छापील उपासनेची सवय असलेल्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांना ते भलतेच वाटले, टीका झाली. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. आपल्याकडच्या बायकांनी देवाला आपल्या रीतीने हाक मारावी, परक्यांचा साचा त्यांच्यावर बसवू नये, अशी त्यांची बाजू होती.

त्यांना ते आतून ठाऊक होते. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टर मंडळींचे सगळे निमूट ऐकले नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे विचारले. शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले पुडिंगसुद्धा नाकारले. त्रैक्यासारख्या सिद्धांतावर पत्रांतून वाद घातला. मोठी माणसे रागावली, हा गर्व आहे म्हणाली. संबंध मात्र तुटले नाहीत, पत्रे चालूच राहिली. मला हेच मोलाचे वाटते. मतभेद झाला म्हणजे दार लावून घ्यायचे, असा नियम कुणी केला?

पण सगळ्याच मतांना सारखाच पाट मांडावा, असेही माझे म्हणणे नाही. उद्या तुमच्या बैठकीत कुणी म्हणाले की बायकांनी प्रार्थना सांगू नये, किंवा अमक्या घरचा पेला वेगळा ठेवा, तर तिथे "त्यांचाही दृष्टिकोन" म्हणून मान डोलवू नका. रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणले आणि ते मुक्ती मिशनातल्या बायकांनी छापले. बाईच्या तोंडाला कुलूप घालण्याइतके लहान हे घर नाही.

तुमच्या यजमानांनी पत्रात "आई म्हणेल तसे" असे म्हटल्याचे लिहिले आहे. नवरे अशा वेळी वर्तमानपत्र फार मन लावून वाचतात. बाळ त्यांचेही आहे. त्यांचे स्वतःचे मत काय ते त्यांनी आईसमोर आणि तुमच्यासमोर, एकाच वेळी, सांगायला हवे. हे काम तुम्ही अंगावर घेऊ नका.

येत्या रविवारी असे करून पाहा. पहिला अर्धा तास सासूबाईंचा. उपासना संगीतातले गीत त्यांनी निवडावे, पेटी असेल तर पेटीवर, शास्त्रपाठही त्यांनी वाचावा. त्या वेळात टाळ्या नाहीत, हे बाकीच्यांना आधी सांगून ठेवा. नंतरचा वेळ मोकळ्या प्रार्थनेचा. त्यांना आत जावेसे वाटले तर जाऊ द्या, पण दार उघडे राहील असे बघा. पहिल्या रविवारी त्या उठून जातीलही. दुसऱ्या रविवारी पुन्हा तसेच करा.

बाळाच्या अर्पणाबद्दल पाळकसाहेबांना भेटायला तिघे मिळून जा, सासूबाईंना मागे ठेवू नका. त्या दिवशी बाळाला मंडळीपुढे कुणी न्यायचे, हेही आधीच ठरवा. माझे विचाराल तर आजीने न्यावे. अंगडे-टोपरे त्यांच्याकडचे जुने असेल तर तेच घाला, फक्त आठ दिवस आधी बाहेर काढून उन्हात ठेवा. ट्रंकेतल्या डांबर गोळ्यांच्या वासाने बाळ शिंकत बसेल.