स्विच रस्ता बदलतो, तुटलेली केबल जोडत नाही



'आता ऑप्टिकल स्विच बसले, केबल तुटली तरी लाइन आपोआप दुसऱ्या बाजूने चालते, मग एवढी माणसे कशाला?' सिग्नल व दूरसंचार खात्यातील रिक्त पदांचा विषय निघाला की हा सूर हमखास लागतो. त्याचा समाचार घेणे आम्हाला भाग आहे.

आधी हा स्विच समजून घेऊ. फायबरची काचेची तार १२५ मायक्रॉन जाडीची. प्रकाश वाहतो तो तिच्या आतल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन तारांची तोंडे ५ मायक्रॉनने सरकली तरी निम्म्याहून अधिक प्रकाश वाया जातो. यांत्रिक स्विचमध्ये छोटे विद्युतचुंबक तारेचे टोक, किंवा एखादा आरसा अथवा लोलक, हलवून प्रकाश नेमका दुसऱ्या तारेत सोडते. हे काम काही मिलिसेकंदांत होते. आपल्या रुळावरच्या पॉइंटचेच हे बारीक भावंड. यंत्र चांगले आहे, त्याच्याशी आमचे वैर नाही.

पण रूळ तुटला तर पॉइंट फिरवून गाडी लूप लाइनला घेता येते, तुटलेला रूळ सांधला जात नाही. त्याला गँगच लागते. इथेही तेच. जेसीबीने केबल तोडली की स्विच रिंगच्या दुसऱ्या बाजूने वाहतूक नेतो, आणि त्या क्षणापासून सारा सेक्शन एका पायावर उभा राहतो. तेवढ्यात दुसरीकडे तुटली तर कंट्रोलचा फोन, ब्लॉकची सर्किटे, जे जे त्या केबलवर आहे ते सारे बंद. २०२० साली राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या 'कवच'लाही हीच फायबर लागते.

मग जोडतो कोण? ओटीडीआर लावून तुटीची जागा शोधायची, भर पावसात खणायचे, तार सोलायची, पुसायची, सरळ कापायची आणि स्प्लाइसिंग यंत्रात वितळवून जोडायची. २४ तारांची केबल असेल तर २४ जोड. काचेचे तुकडे बोटात शिरतात. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे तार चालू की बंद हे बघून कळत नाही. ठेकेदाराच्या पोरांना तर कित्येकदा साधा चष्माही मिळत नाही.

टपाल खात्यातील बंधूंनी हे परके मानू नये. १९८५ पर्यंत टपाल आणि तार एकच खाते होते. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. (स्वेच्छा किती, हे त्यांनाच विचारा.) आज लाइन गेली की सीबीएसचे काउंटर ठप्प, आणि शिव्या खिडकीवरच्या बाबूला.

यातली खरी मेख वेगळीच आहे. स्विचमुळे सेवा खंडित झाली नाही, म्हणून अहवालात बिघाड शून्य. केबल मात्र तुटलेलीच, आणि रात्रभर चिखलात बसून जोडणाऱ्याचे नाव कुठेच नाही. याच शून्यावर बोट ठेवून पदे सरेंडर करण्याचा डाव आहे.

म्हणून सर्व शाखा सचिवांनी प्रत्येक तुटीची नोंद स्वतः ठेवावी: केबल केव्हा तुटली, केव्हा जोडली, माणसे किती होती, सेक्शन किती तास एका बाजूवर चालला. या नोंदी पुढील पीएनएम बैठकीपूर्वी विभागीय कार्यालयात पोचवाव्यात. रिक्त पदे भरा, स्प्लाइसिंगचे काम खात्याकडेच ठेवा आणि त्यासाठी प्रशिक्षण द्या, ही मागणी आम्ही त्याच कागदांच्या आधारे टेबलावर ठेवणार आहोत.