नाडी मोजा, मग ‘वय झालं’ म्हणा

१. वरळीत म्हाताऱ्या माणसाला जिन्यात भोवळ आली की निदान शेजारीच करून टाकतात: पित्त, अशक्तपणा, नाहीतर वय. नाडी कोणी बघत नाही. ठोके मिनिटाला ६० पेक्षा कमी म्हणजे लगेच आजार नव्हे; झोपेत आणि कसलेल्या खेळाडूंत ते त्याहून खाली जातातच. पण ठोके ४०च्या घरात आणि जोडीला भोवळ, धाप किंवा शुद्ध हरपणं असेल, तर दिरंगाई नको. पालिकेच्या ‘आपला दवाखाना’त साठी ओलांडलेल्या प्रत्येकाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी, कमी लागली तर ईसीजी त्याच दिवशी काढावा.

२. गोळ्यांची पिशवी उलटी करून बघा. रक्तदाबासाठी एक डॉक्टर अटेनोलॉल देतो, काचबिंदूसाठी दुसरा टिमोलॉलचे थेंब. दोन्ही औषधं एकाच जातीची. थेंबही नाकावाटे रक्तात उतरतात आणि ठोके मंदावतात. या दोन डॉक्टरांची गाठ कधी पडत नाही, पडते ती आजींच्या पिशवीत. म्हणून केसपेपरवर सगळी औषधं लिहिलीच पाहिजेत, थेंबांसकट. (हे वाचून कोणी परस्पर गोळी थांबवू नये; एकदम सोडली तर हृदयावरच उलटू शकते.) थायरॉइड मंदावणं, मूत्रपिंड बिघडून पोटॅशियम वाढणं, ही कारणं रक्ततपासणीत सापडतात आणि उपचारांनी आटोक्यात येतात.

३. यातलं काहीच नसेल, तर बहुधा हृदयातली विजेची यंत्रणाच झिजलेली असते. मग छातीत पेसमेकर बसवावा लागतो, आणि तिथे किमतीचा प्रश्न येतो. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, पेसमेकर तेव्हा सुटला. का सुटला, हे आमदार-खासदारांना विचारायला हवं.

४. नवा पेसमेकर न परवडणाऱ्यांसाठी एक वाट स्मशानातून जाते. दहनापूर्वी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर आगीत त्याची बॅटरी फुटते. सी-लिंकपलीकडे, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात २००४ नंतर ५३ गरीब रुग्णांना अमेरिकेतल्या मृतांचे, कुटुंबीयांनी दान केलेले पेसमेकर निर्जंतुक करून बसवले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात जंतुसंसर्ग किंवा यंत्र बंद पडल्याची एकही नोंद नव्हती. रुग्ण थोडे होते, मान्य. तरी वरळीच्या स्मशानभूमीत येणाऱ्यांच्या छातीतली, बॅटरी शिल्लक असलेली यंत्रं कचऱ्यात का जावीत? नातेवाइकांची संमती, निर्जंतुकीकरण आणि नोंदणी यांचे स्पष्ट नियम सरकारने करावेत आणि ते स्मशानाच्या कचेरीत मराठीत लावावेत.