वशिल्याची गरज संपविणारा नगरसेवक

लोकशाहीच्या उतरंडीत नगरसेवकाचे पद सर्वांत खालच्या पायरीवर गणले जाते, आणि केवळ अधिकारांच्या व्याप्तीचा विचार केला तर ते गैरही नाही. परंतु ज्याच्या दारासमोरील गटार तुंबले आहे, ज्याच्या गल्लीतील दिवे पंधरवडाभर लागलेले नाहीत, किंवा ज्याचे मूल भर रहदारीचा रस्ता ओलांडून शाळेत जाते, त्या नागरिकाला राज्यसंस्थेचा जो काही प्रत्यक्ष अनुभव येतो तो नगरपालिकेच्याच रूपाने येतो, आणि त्या संस्थेच्या कचेरीत त्याच्या वतीने दाद मागणारा, त्याच्याच मतांनी निवडलेला माणूस म्हणजे नगरसेवक होय. आमदाराने कायदे करावयाचे असतात, खासदाराने राष्ट्राच्या धोरणाचा विचार करावयाचा असतो. नगरसेवकाने मात्र आपल्या हद्दीतील रस्ता, पाणी, दिवा आणि पदपथ यांची चिंता वाहावयाची असते. ज्या समाजात ही चिंता वाहणारे कोणी उरत नाही, त्या समाजात वरच्या सभागृहांतील वादविवाद कितीही तेजस्वी असले तरी सामान्य माणसाच्या नित्याच्या जीवनाला त्यांचा आधार मिळत नाही.

महाराष्ट्रातील शहरांनी हा अभाव नुकताच, आणि दीर्घकाळ, सोसला आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, पुण्याची १४ मार्चला. नवी मुंबई, कोल्हापूर यांसारख्या शहरांत तर २०२० पासूनच प्रशासकांचा अंमल सुरू झाला होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रेंगाळत राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. वस्तुतः १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरवून, ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पार पाडली पाहिजे असा स्पष्ट दंडक घातला आहे, आणि २००६ साली अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निःसंदिग्ध पुनरुच्चारही केला होता. मधल्या काळातील प्रशासकांच्या कार्यक्षमतेविषयी अथवा सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याने प्रस्ताव मांडावयाचा त्यानेच तो मंजूर करावयाचा, त्यानेच तो अमलात आणावयाचा आणि खर्चाचा जाबही त्यानेच स्वतःला विचारावयाचा, ही व्यवस्था कितीही उत्तम अधिकाऱ्याच्या हाती दिली तरी लोकशाहीची म्हणता येत नाही.

पुणे शहराच्या हद्दीत २०२१ च्या मध्यास समाविष्ट झालेल्या तेवीस गावांची कहाणी या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. गावे महानगरपालिकेत आली त्याच दिवशी त्यांच्या ग्रामपंचायती विसर्जित झाल्या. सरपंच गेला, ग्रामसभा गेली, आणि त्यांच्या जागी जो नगरसेवक यावयाचा तो साडेचार वर्षे आलाच नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचा उद्रेक झाला आणि दूषित पाण्याचा संशय बळावला, तेव्हा ज्या वस्त्यांची नावे वृत्तपत्रांत वारंवार झळकली त्यांत नांदेड आणि किरकटवाडी ही अशीच गावे होती. नगरसेवक असता तर रोग टळला असता असे म्हणणे अविचाराचे ठरेल. पण विहिरीच्या पाण्यात क्लोरीन पडते की नाही, टँकर कोठून भरून येतो, नळाला कोणत्या दिवसापासून वास येऊ लागला, हे प्रश्न सभागृहात उभे राहून विचारण्याचा हक्क असलेला एकही माणूस त्या गावांपाशी नव्हता, ही वस्तुस्थिती कोणत्याही सुसंस्कृत शहराला भूषणावह नाही.

आता सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत, म्हणून नगरसेवकाने नेमके काय करावयाचे असते याचा विचार करण्याची हीच वेळ आहे. एखाद्या गल्लीच्या वळणावरील मलवाहिनीचे चेंबर उदाहरणादाखल पाहावे. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेल्यामुळे त्याचे झाकण भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा चार-पाच बोटे खाली गेलेले असते. पहिल्या पावसात तो खळगा पाण्याने भरतो आणि दुचाकीस्वाराला दिसेनासा होतो. जड वाहनांच्या चाकाखाली झाकणाचा कोपरा तुटतो, आणि दोन माणसे पडल्यावर शेजारचा दुकानदार त्या भोकात झाडाची फांदी खोचून तिला लाल फडके बांधतो. तक्रार गेली की पथ विभाग सांगतो, झाकण मलनिस्सारण खात्याचे आहे. मलनिस्सारण खाते म्हणते, झाकण बदलून देऊ, परंतु चौकट उचलून रस्त्याच्या पातळीला आणावयाची तर डांबर फोडावे लागेल, आणि ते डांबर अजून ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या मुदतीत आहे. क्षेत्रीय कार्यालय सांगते, एवढ्या रुंदीचा रस्ता आमच्याकडे नाही, मुख्य खात्याकडे आहे. प्रत्येकाचे उत्तर नियमाला धरून असते. मोबाइलवरून नोंदविलेल्या तक्रारीवर काही दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा शेरा पडतो, आणि फांदी तेथेच राहते.

नगरसेवकाचे कार्य येथून सुरू होते. दोन्ही खात्यांच्या कनिष्ठ अभियंत्यांना एकाच सकाळी त्या वळणावर उभे करणे, चौकट किती उचलावयाची हे तेथल्या तेथे मोजून घेणे, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून पडावयाचा हे ठरविणे, दोषदायित्वाची मुदत चालू असेल तर तो ठेकेदाराकडूनच वसूल करण्याचा आग्रह धरणे, आणि ठरलेली तारीख प्रभाग समितीच्या इतिवृत्तात नोंदवून पुढील बैठकीत तिचा जाब विचारणे, हे काम वक्तृत्वाचे नाही आणि त्याचे भूमिपूजनही होत नाही. पण वेगवेगळ्या खात्यांच्या हद्दींमध्ये जी निर्मनुष्य पट्टी पडलेली असते आणि जिच्यात नागरिकांच्या निम्म्या तक्रारी गडप होतात, तिच्यात पाऊल टाकण्याचा नैतिक अधिकार लोकप्रतिनिधीवाचून दुसऱ्या कोणालाही नसतो.

या पदाची थोर परंपरा आपल्याकडे आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि तेही लोकनियुक्त नव्हे, तर सरकारनियुक्त. तरीही व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला असता तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे म्हणून त्यांनी एकट्याने त्याला विरोध केला. ज्यांनी नियुक्त केले त्यांच्याच मर्जीविरुद्ध मत देण्याचे धैर्य ज्या शहराच्या सभासदाने दीडशे वर्षांपूर्वी दाखविले, त्या शहराच्या आजच्या निर्वाचित प्रतिनिधींनी सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक रुपयाकडे त्याच कठोर दृष्टीने पाहावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

या अपेक्षेला सर्वाधिक बाध आणणारा दोष म्हणजे हक्काच्या कामाला उपकाराचे स्वरूप देणे. दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे, रस्ते हे सारे राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टाने नगरपालिकांच्या कार्यकक्षेत घातलेले विषय आहेत आणि त्यांचा खर्च करदात्यांच्या पैशातून होतो. तरीही सुस्थितीतील फरशा उखडून नव्या बसविल्या जातात, बाकांवर आणि कमानींवर नावे रंगविली जातात, आणि ज्याची ओळख आहे त्याच्या गल्लीत मुकादम लगोलग येतो, तर ज्याची नाही त्याचा अर्ज बासनात पडून राहतो. अशा रीतीने झालेली शंभर कामेसुद्धा शहराला एका अर्थी दुबळेच करतात, कारण त्यांतून नागरिकाला मिळणारा धडा एवढाच असतो की येथे नियमाने काही होत नाही, शिफारशीनेच होते.

रहदारीच्या सुरक्षिततेच्या बाबतीत तर हा लोकानुनय प्राणघातक ठरू शकतो. चार रहिवाशांनी मागणी केली की रातोरात गतिरोधक उभा राहतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने सुरक्षित ओलांडता येईल असा गोलाकार असावा, त्यावर पांढरे पट्टे असावेत आणि अलीकडे सूचनाफलक असावा. प्रत्यक्षात पुष्कळदा अरुंद, टोकदार, बिनरंगाचा डांबराचा उंचवटा तयार होतो, जो रात्री दुचाकीस्वाराला खाली पाडतो आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला असह्य हादरे देतो. विवेकी नगरसेवकाने अशा वेळी लोकांच्या भीतीचा आदर करावा. पण तिच्यावरील उपाय वाहतूक पोलीस आणि अभियंता यांच्यासह पाहणी करून ठरवावा. शाळेपुढे पदपथ मोकळा करणे, चौकातील वळण अरुंद करून वाहनांचा वेग स्वाभाविकपणे उतरविणे, झेब्रा पट्टे आणि दिवा योग्य जागी आणणे, यांपैकी जे शास्त्राला धरून असेल तेच त्याने मागावे, आणि जे घातक आहे त्याला, मते जाण्याची भीती असली तरी, नकार द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये, आणि दुखापत झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा, व ती जबाबदार अधिकारी आणि ठेकेदार यांच्याकडून वसूल करण्याचा आदेश दिला आहे. शोकाकुल कुटुंबाला ही भरपाई मिळवून देण्यासाठी त्याच्याबरोबर उभे राहणे, हेही आता नगरसेवकाचे कर्तव्य झाले आहे.

परंतु व्यक्तीच्या सद्गुणांवर सारा भार टाकून भागत नाही. रचनाही तशी हवी. मुंबईत २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक, म्हणजे एका प्रभागाला एक प्रतिनिधी. पुण्यात मात्र ४१ प्रभागांतून १६५ सभासद निवडले जातात, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार. चौघांच्या सामाईक हद्दीतील पदपथ फुटला तर जाब कोणाला विचारावयाचा, हे मतदाराला उमगत नाही, आणि चौघांपैकी प्रत्येकाला उरलेल्या तिघांकडे बोट दाखविण्याची सोय राहते. उलट काम पूर्ण झाले तर त्याचे श्रेय घेण्यास चौघेही पुढे येतात. एक प्रभाग, एक नगरसेवक हीच रचना राज्यात सर्वत्र असावी असे माझे निश्चित मत आहे; आणि कायदा बदलेपर्यंत प्रत्येक प्रभागातील चौघांनी आपसांत मसलत करून हद्दी वाटून घ्याव्यात, आणि कोणती गल्ली कोणाकडे याची जाहीर यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या दर्शनी भागी लावावी. याला सरकारच्या हुकुमाची गरज नाही. केवळ सद्भावनेची आहे.

दुसरी गोष्ट क्षेत्रसभेची. गावात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा असावी, म्हणून राज्याने २००९ साली कायद्यात तरतूद केली. पण कागदावरील तरतूद आणि प्रत्यक्ष भरणारी सभा यांत जे अंतर पडले ते आजही बुजलेले नाही. नव्या नगरसेवकांनी वर्ष संपण्याच्या आत आपापल्या क्षेत्राची सभा भरवावी; तेथे आलेल्या प्रत्येक तक्रारीची तारीखवार नोंद, संबंधित खात्याचे नाव, ठरलेली मुदत आणि प्रत्यक्ष निकाल अशी नोंदवही ठेवावी आणि पुढील सभेत ती वाचून दाखवावी. तक्रार ज्याने केली त्याने मान्य केल्याखेरीज ‘निराकरण झाले’ हा शेरा मारला जाऊ नये, असा ठराव सभागृहाने एकदा केला तर आज खोट्या ठरणाऱ्या असंख्य शेऱ्यांना आपोआप आळा बसेल. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची प्रथा आहे. तिला नवे बळ देऊन कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली आणि का नाकारली, हेही त्याच सभेत सांगितले जावे.

नागरिकांचाही यात वाटा आहे. नगरसेवक आपल्या मुलीच्या लग्नाला आला की नाही, दहीहंडीला त्याने किती वर्गणी दिली, यावर त्याची किंमत ठरविणाऱ्या मतदाराला पुढे तो अंदाजपत्रकाच्या चर्चेला गैरहजर राहिला याबद्दल रोष करण्याचा अधिकार उरत नाही. स्वतःच्या दारापुरते काम मागण्याची सवय सोडून, पलीकडच्या वस्तीतील नळाचा आणि आपल्या गल्लीतील दिव्याचा क्रम न्यायाने लागावा, असे म्हणणारा नागरिक जेव्हा क्षेत्रसभेत उभा राहील, तेव्हाच चांगल्या नगरसेवकाला चांगला राहण्याचे बळ मिळेल.

पाच वर्षांनी हे सभासद पुन्हा मते मागावयास येतील, तेव्हा त्यांच्या कार्यअहवालांत केलेल्या कामांची लांबलचक जंत्री असेल. मतदाराने ती वाचावी, पण निवाडा एका वेगळ्याच कसोटीवर करावा: या पाच वर्षांत, नगरसेवकाचे नाव न घेता, त्याचे पत्र न जोडता, कोणाची ओळख न सांगता दिलेला एका सामान्य माणसाचा अर्ज मुदतीत निकाली निघू लागला का? ज्याच्या प्रभागात याचे उत्तर होकारार्थी येईल, त्याने स्वतःच्या शिफारशीची गरजच संपविली असेल, आणि त्याला पुन्हा निवडून देणे हे मतदाराचे कर्तव्य ठरेल.