बॅटरी उगाच बदनाम!

सकाळच्या घाईत बाबा मोटारसायकलचं बटण दाबतात आणि गाडी नुसतंच 'टक् टक्' करते. हॉर्नचाही घसा बसलेला! "बॅटरी गेली," म्हणून नवी आणली जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असं का बरं?

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. नळालाच पाणी नसेल, तर नवी टाकीसुद्धा रिकामीच होणार ना?

गाडीतला नळ असा असतो : इंजिनाबरोबर चुंबकांचं चाक तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरतं आणि वेटोळ्यांत वीज तयार होते. हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलं. ही वीज सारखी दिशा बदलते. बॅटरीला मात्र ती एकाच दिशेनं आणि बेतानं हवी. हे काम करणाऱ्या डबीला गॅरेजमध्ये 'आरआर युनिट' म्हणतात.

आता तपासणी. हे मोठ्यांसोबतच करायचं, तेही उघड्यावर. बंद खोलीत इंजिनाचा धूर जीवघेणा असतो. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना मीटरवर साधारण १२.६ दाखवते. इंजिन सुरू करून थोडं रेस केलं, की आकडा १३.५ ते १४.५ व्हायला हवा. तो वाढलाच नाही, तर वीज वाटेतच अडलीय. १५ च्या वर गेला, तर आरआर युनिटचा ताबा सुटलाय. अशानं चांगली बॅटरीही खराब होते.

वीज अडते कुठे? पुष्कळदा वायर जोडणाऱ्या कपलरमध्ये! पिन सैल झाली, की वीज जाताना तिथे अडथळा होतो, पिन तापते आणि तापून आणखी सैल होते. शेवटी प्लॅस्टिक काळं पडून वितळतं. त्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. जळका भाग कापून मेकॅनिककडून नवं कपलर घट्ट बसवून घ्यावं. कपलर ठीक असेल, तर अर्थिंगची वायर, मग वेटोळी आणि आरआर युनिट तपासायचं.

आणि हो, उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदी कधीच लावू नका! फ्यूज स्वतः वितळून वायरिंग वाचवतो. चांदी वेळेत वितळत नाही, मग वायरच पेटू शकते.

जाता जाता एक कोडं : काही जुन्या मोटारसायकलींचा दिवा इंजिन हळू चालताना मंद, आणि रेस केल्यावर लख्ख का होतो? उत्तर वरच दडलंय. शोधा पाहू!