फायरआबेंड कुणाच्या जिवावर?

लिंक्डइनवर आठवड्यातून एकदा तरी ही पोस्ट दिसतेच. लेखक आपलाच. सव्विशी-अठ्ठाविशीतला, पुण्या-नाशकात इंजिनिअरिंग करून जर्मनीत नाहीतर नेदरलँड्समध्ये आलेला. फोटोत मागे कालवा किंवा बर्फ. मजकूर ठरलेला: इथे मी स्वतःचं टॉयलेट स्वतः घासायला शिकलो, इथे पाचला लॅपटॉप बंद होतो, इथे श्रमाला प्रतिष्ठा आहे, युरोपने मला माणूस म्हणून घडवलं. शेवटी हमखास एक उसासा, "आपल्याकडे ही मानसिकता कधी येणार?"

मीही बर्लिनमध्ये राहतो, कोड लिहून पोट भरतो आणि टॉयलेट घासतो. तरी या पोस्टचा मला मनापासून राग येतो. ती सगळं श्रेय चुकीच्या खात्यावर जमा करते.

टॉयलेटपासूनच सुरू करू. आपण ते घासतो, कारण दुसऱ्याकडून घासून घेणं परवडत नाही. जर्मनीत २०१५ पासून देशभर किमान वेतन लागू आहे. तेव्हा ते तासाला साडेआठ युरो होतं, आता बरंच वर गेलंय. त्यात विमा आणि पगारी सुट्टी धरा. हा हिशेब समोर आला की भल्याभल्यांना श्रमप्रतिष्ठा सुचते. तुम्ही याला संस्कार म्हणा, मी दरपत्रक म्हणतो. ज्यांना परवडतं त्यांच्याकडे इथेही कामाला बाई येतेच. आमचं ऑफिस सकाळी नऊला चकाचक असतं, कारण पहाटे कुणीतरी येऊन ते पुसून गेलेलं असतं. त्या कुणीतरीची मातृभाषा जर्मन नसते.

बाटल्यांचंही तेच. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात, म्हणून ती रस्त्यावर पडून राहत नाही. हे ‘जर्मन शिस्त’ म्हणून फॅमिली ग्रुपवर फिरतं. याच शहरात रात्री कचरापेटीत टॉर्च मारून त्या २५ सेंटच्या बाटल्या शोधणारे म्हातारे दिसतात. त्यांना आत हात घालावा लागू नये म्हणून बरेच लोक बाटली पेटीच्या शेजारी ठेवतात. हे चांगलंच आहे, पण हा फोटो कुणी टाकत नाही. आणि पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, महापालिकेकडून ओळखपत्रं मान्य करून घेतली. श्रमप्रतिष्ठा शिकायला इतक्या लांब यायची गरज नव्हती. पीएमटीचं तिकीट पुरलं असतं.

आता पाचला बंद होणारा लॅपटॉप. जर्मन माणूस काम संपल्यावर ‘फायरआबेंड’ म्हणतो आणि उठतो. आपले लोक त्यात एक अख्खं तत्त्वज्ञान बघतात. त्यामागे १९९४ चा कामाच्या तासांचा कायदा आहे: दिवसाला आठ तास, ठरावीक अटींवर फार तर दहा, आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग अकरा तासांची विश्रांती. त्याच्याही मागे कित्येक दशकांचे संप आणि कामगार संघटना आहेत. ते रक्तात नव्हतं, भांडून घ्यावं लागलं.

रविवारच घ्या. इथला बंद रविवार बघून आपली मंडळी भारावतात. जर्मनीत कारखान्यांतल्या रविवारच्या कामावर बंदी आणणारा कायदा १८९१ चा. नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० साली. ‘आपली मानसिकताच तशी नाही’ म्हणणाऱ्याला बहुधा लोखंडे ठाऊकच नसतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मलाही ते कुणी सांगितले नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. माझा फायरआबेंड फुकट येत नाही. आमच्या टीमचा अर्धा भाग पुण्यात बसतो. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचं अंतर पडतं. बर्लिनला दुपारी चारची मीटिंग लागली की पुण्यात साडेआठ वाजलेले असतात. ती संपवून मी सायकल काढतो. तिकडे कुणीतरी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतर मुलाला मांडीवर घेऊन म्यूटवर असतं. चारचीच वेळ का, तर इथल्यांची सकाळ ‘शांत कामासाठी’ राखून ठेवलेली असते. वर आमच्यातलाच एक मराठी मॅनेजर म्हणतो, "इंडिया टीमला बाउंडरीज सेट करता येत नाहीत." अरे, त्यांच्या बाउंडरीवर तुझी मीटिंग उभी आहे!

हा मॅनेजर डिसेंबरात सुट्टीवर पुण्याला जातो. ‘डिग्निटी ऑफ लेबर’ची पोस्ट त्याचीच. दोन आठवडे त्याच्या घरी पाहुण्यांची रांग असते, भांडी दुप्पट होतात, आणि कामाच्या मावशींचा पगार तेवढाच राहतो. मावशींनी दोन खाडे केले की ते कापले जातात. घरकामगारांसाठी कल्याण मंडळ नेमण्याचा कायदा महाराष्ट्रात २००८ पासून आहे, हे त्या घरात कुणाच्या गावीही नसतं. इथे पाठ केलेली ‘मानसिकता’ विमानतळावर बॅगेसोबत उतरत नाही, कारण तिला धरून ठेवणारा कायदा आणि दर दोन्ही मागे राहिलेले असतात.

एकटं राहून माणूस बदलतो, हे मी नाकारत नाही. परक्या भाषेत डॉक्टरला दुखणं सांगताना माजही उतरतो. पण त्याला युरोपीय संस्कृतीची देणगी म्हटलं की दोन सोयी होतात: इथे ज्यांनी हे भांडून मिळवलं ते गायब होतात, आणि तिकडे आपल्याला काही करावं लागत नाही, कारण मानसिकता काय, येईल तेव्हा येईल.

मी आमची मीटिंग सकाळी दहाला घ्यायचा प्रस्ताव मांडलाय. म्हणजे पुण्यात दुपारी अडीच. दोन जर्मन सहकारी लगेच हो म्हणाले. अडून बसलाय तो आपलाच मॅनेजर. आणि घरी आमच्या मावशींना महिन्याला चार पगारी सुट्ट्या आणि दिवाळीला पूर्ण पगाराचा बोनस द्यायचा, फरकाचे पैसे मी पाठवेन, असं आईला सांगितलंय. "सोसायटीतल्या बाकीच्या बायका मला काय म्हणतील?" असं तिचं म्हणणं आहे. ते भांडण अजून चालू आहे.